बाईंची दहा मिनिटं

मार्व्याच्या जेटीवरून मनोरीला जाणाऱ्या फेरीबोटीत बाई चढल्या, की रोजचे लोक आपापल्या स्कूटरच्या आडोशाला सरकायचे. बोटीतून उठून जाता येत नाही, हे बाईंनी फार आधीच हेरलं होतं. वस्तीत सांगायला बसलं की कुणाचं तरी दूध उतू जातं, शाळेत घंटा होते, सोसायटीत नेमका गॅसवाला येतो. बोटीत मात्र खाडी संपेपर्यंत माणूस बाईंच्या ताब्यात. खाडी तशी लहानच, म्हणून त्यांनी स्वतःला नियम घालून घेतला होता, एका खाडीत एकच गोष्ट. जाताना डेंग्यू, तर येताना जुलाब. आणि सांगून झालं की समोरच्या कुणाकडे तरी बोट करायचं आणि म्हणायचं, "आता तू बोल."

एका रविवारी त्यांच्या बोटासमोर मजा करायला निघालेला एक तरुण आला. गॉगल, हाफ पँट, गळ्यात हेडफोन. पोराला जुलाब होताहेत, काय करशील, असं बाईंनी त्याला विचारलं. तो हसत म्हणाला, पाणी बंद करेन, म्हणजे जुलाबही बंद. एवढ्यात मनोरी आलं. बाई त्याच्या बाइकसमोर उभ्या राहिल्या. उतरायचं नंतर, म्हणाल्या, तू पाणी तोडलंस त्या पोराचं पुढे काय झालं, ते आधी सांग. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. शेवटी सगळी बोट एका सुरात ओरडली, मीठ, साखर, पाणी, थोडं थोडं पाजत राहायचं, आणि आता सोडा त्याला. बाई बाजूला झाल्या. बोटीनं जणू त्यांना हारच घातला होता, असा चेहरा. मला म्हणाल्या, "चिडून का होईना, पण आलं की नाही सगळ्यांना?"

बाईंच्या अशा गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण गेली काही वर्षं ऑफिसात त्यांचा विषय निघाला, की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठायचो. त्याला कारण आहे. मुळात मी कमी बोलणारा माणूस. दिवसभर बोलण्यावर पोट असलं की माणूस घरी येऊन मुका होतो, तसा मी झालोय असं बायको म्हणते. आज मात्र सगळं लिहिणार आहे, माझ्या वाट्याचंही.

बाई आणि मी, आम्ही दोघं आरोग्य शिक्षक. डॉक्टर औषध देतो, नर्स सुई टोचते, आणि बरं वाटलं तरी ते औषध मध्येच का सोडायचं नाही, हे घरी येऊन सांगणारा जो माणूस असतो, तो आमच्यातला. लोक आम्हाला मलेरियावाले म्हणतात, पोलिओवाले म्हणतात. आमच्याच घरचे पाहुण्यांना ‘दवाखान्यात असतात’ एवढं सांगून मोकळे होतात. बाई माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मी नोकरीला लागलो तेव्हा मला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. घरचं मूळ मालवणकडचं, वडील गिरणीत होते, आणि बाई रागावल्या की त्यांच्या तोंडून ‘मेल्या’ यायचं. खूश झाल्या तरी तेच यायचं. कुठलं कुठलं आहे ते चेहऱ्यावरून ओळखावं लागे.

माझं पहिलं भाषण घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका चाळीत झालं. विषय क्षयरोग. मी रात्र जागून तयारी केली होती, जंतूंच्या शोधापासून सुरुवात केली होती. संपलं तेव्हा चांगल्या टाळ्या पडल्या. बाईंनी पुढे बसलेल्या एका मावशींना विचारलं, "काय म्हणाला हा?"

"चांगलं बोलला पोरगा."

"ते झालं हो. म्हणाला काय?"

मावशींनी पदर सारखा केला, थोडा विचार केला. "खोकला वाईट असतो म्हणाला."

डोंगर उतरून आम्ही खाली आलो. बाईंनी मला टपरीवर चहा पाजला आणि म्हणाल्या, टाळ्या पडल्या तिथेच मला शंका आली होती. लोकांना खरंच कळलं की ते टाळ्या वाजवत नाहीत रे, भांडायला लागतात. औषध एवढे महिने का, सासूला कळलं तर काय, मुलीचं लग्न ठरेल का. भांडण सुरू झालं की समजायचं, आपलं बोलणं आत गेलं.

पोस्टरवर त्यांचा विशेष राग. पोस्टर भिंतीला कळतं, असं म्हणायच्या. वरून पोस्टरांचे गठ्ठे यायचे, गुळगुळीत कागदावर हसरं कुटुंब छापलेले. बाई ते उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करनं लिहायच्या, आणि तेही स्वतःच्या मनानं नाही. खारदांड्याच्या मासळीवाल्या बायकांना त्यांनी तापाबद्दल सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, आता तुम्ही सांगा, मी लिहिते. बायका तासभर आपसात भांडल्या आणि एक ओळ ठरली. ‘अंगारा लावायचा तर लावा, पण आधी रक्त तपासा.’ ते वरिष्ठांनी पाहिलं आणि बाईंना खुलासा विचारला. बाईंनी खुलासा द्यायच्या ऐवजी वरिष्ठांनाच विचारलं, छापील बाजूवर काय लिहिलंय ते न बघता सांगा. त्यांना आठवेना.

पिशवी तर त्यांची जादूगाराची. आंघोळीचा स्पंज म्हणजे फुप्फुस. सायकलची ट्यूब म्हणजे रक्तवाहिनी. शिवाय दात शिकवायचा एक मोठा प्लॅस्टिकचा जबडा. अंधेरीच्या एका मॉलच्या दारात सुरक्षारक्षकानं तो बाहेर काढला आणि दचकून टेबलावर टाकला. बाईंनी तिथल्या तिथे त्याला ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं, त्याच्याकडून करून घेतलं, मागे रांग वाढत गेली. आम्हाला मॉलमध्ये फक्त स्वच्छतागृहात जायचं होतं.

घरी यजमान. शांत, निवृत्त, कबड्डीचे शौकीन. त्यांना मधुमेह. पायाची काळजी कशी घ्यायची, हे ते झोपेतही घडाघडा म्हणू शकतील. लग्नापासून माझी तोंडी परीक्षाच चालू आहे, असं ते मला एकदा बोरीवलीच्या त्यांच्या बाल्कनीत हळूच म्हणाले होते. नॅशनल पार्क तिथून जवळ. माकडं येतात. बाई माकडांना काही शिकवत नाहीत, एवढीच त्यांना सुट्टी, असंही म्हणाले.

आता निवडणुकीकडे येतो.

आम्हा उपनगरातल्या आरोग्य शिक्षकांची एक संघटना आहे. वर्षाला एक अधिवेशन, एक सहल, अधूनमधून निवेदनं, आणि काही वर्षांनी अध्यक्षाची निवडणूक. अध्यक्षाला मिळतं काय, तर व्यासपीठावरची मधली खुर्ची आणि सगळ्यांची गाऱ्हाणी. तरी ती खुर्ची पुष्कळांना हवी असते, आणि उभा राहणारा प्रत्येक जण म्हणतो की मला नको होतं, लोकांचा आग्रह झाला. बाईंनी डबा खाता खाता सरळ सांगितलं, "मला अध्यक्ष व्हायचंय. लोकांचा आग्रह वगैरे काही नाही. माझाच आग्रह आहे."

त्यांची निवृत्ती जवळ आली होती. नोकरीत असलेल्यालाच उभं राहता येतं, म्हणजे ही त्यांची एकच संधी. आणि हवं होतं ते एवढंच, की आमचं काम हजेरीवर मोजणं बंद व्हावं. किती जण बसले होते हे सगळे विचारतात, किती जणांना कळलं हे कुणी विचारत नाही. संघटनेनं ठरवून हे विचारायला लावायचं. इतकी वर्षं त्या हे एकेकाला सांगत आल्या होत्या. आता त्यांना ते मधल्या खुर्चीवरून सांगायचं होतं. हौसही होती. निवडणुकीच्या आदल्या दिवशी मला घेऊन त्या घाटकोपरच्या सभागृहात गेल्या, व्यासपीठावर चढल्या, मधल्या खुर्चीत बसून पाहिलं. जरा खोलगट आहे, म्हणाल्या, उशी लागेल.

मी त्यांचा सूचक आणि प्रचारप्रमुख. प्रचार म्हणजे नुसती शिक्षा. अंधेरीच्या एक सभासद आम्हाला पोहे देऊन म्हणाल्या, बाई, माझं मत तुम्हालाच. झालं की काम? पण बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, मलाच का? त्या बिचाऱ्या गोंधळल्या. म्हणजे तुम्ही सिनियर आहात, म्हणाल्या, स्वभाव चांगला आहे. जिन्यात बाई मला म्हणाल्या, "हिचं मत धरू नकोस. हिला काही कळलेलं नाही."

"बाई, मत कळून दिलं काय नि न कळता दिलं काय, पेटीत सारखंच पडतं."

"मग आपण दोघं नोकरी कशाला करतो रे?"

असं शाखेशाखेत होत गेलं. बोरीवलीत त्यांनी आपल्याच पाठीराख्यांशी वाद घातला, मुलुंडला एकाच्या भाषणातल्या चुका काढल्या. मला दिसत होतं की वाट लागतेय.

समोर उभी होती मुलुंडची एक तरुण मुलगी. कंत्राटावरची. माझ्याच हाताखाली शिकलेली, मला सर म्हणायची. बाईंचा प्रचार मी करतोय हे तिला माहीत होतं, तरी ती सल्ल्याला माझ्याकडेच आली. अंधेरी स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे आम्ही बसलो. तिनं मला आपलं भाषण म्हणून दाखवलं. थोडीच वाक्यं, साधी. वस्तीत फिरणाऱ्या बाईला दिवसभर लघवीला जायची सोय नसते, ती करून घेऊ. कंत्राटी लोकांना ओळखपत्र नसतं, दारात कुणी उभं करत नाही, ते मिळवू. कुत्रं चावलं, जिन्यावरून पडलो तर विमा हवा. संपलं. मग मला म्हणाली, "सर, एवढं साधं चालेल ना? लोक हसणार नाहीत?"

मी तिला शिकवलं होतं. ते भाषण उत्तम होतं, आणि ते उत्तम आहे हे त्या उडप्याच्या हॉटेलात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

मी म्हणालो, "साधं वाटतंय जरा. अध्यक्षपदाचं भाषण आहे. थोडं वजन हवं."

मग मी तिला वजन दिलं. तिच्या लॅपटॉपवर बसून मी त्रिकोण काढले. त्रिकोणांत थर, थरांवर बाण, बाणांवर इंग्रजी शब्द. लघवीच्या सोयीचं मी ‘जेंडर रिस्पॉन्सिव्ह फील्ड सॅनिटेशन’ केलं. ओळखपत्राचं ‘आयडेंटिटी व्हॅलिडेशन फ्रेमवर्क’ केलं. एक लाल बाण होता, तो सगळ्या त्रिकोणांतून फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळायचा. ती मुलगी कौतुकानं बघत होती. माझ्यासाठी तिनं दुसरी कॉफी मागवली.

बाई निवडून याव्यात म्हणून मी हे केलं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. पण बाई अध्यक्ष झाल्या तर सचिव मी होणार, हेही डोक्यात होतं. डॉक्टरनं रोग्याला मुद्दाम चुकीचं औषध द्यावं, तसं आमच्या धंद्यात हे आहे. समजावणं हे ज्याचं काम, त्यानं मुद्दाम न समजेल असं करून दिलं.

निवडणुकीच्या सकाळी सभागृह भरलं होतं. प्रत्येक उमेदवाराला दहा मिनिटं, मग मतदान, मग जेवण. चिठ्ठीत पहिला नंबर त्या मुलीचा निघाला. पडद्यावर माझे त्रिकोण उमटले आणि मी मागे रेलून बसलो. दुसऱ्या त्रिकोणापाशीच लोकांचे मोबाइल निघाले. कुणी सकाळचे फॉरवर्ड वाचत होतं, कुणी जेवणात काय आहे ते शेजारच्याला विचारत होतं. लाल बाण फिरून जागेवर आला, तेव्हा तिचा आवाज पार बारीक झाला होता. संपल्यावर चांगल्या टाळ्या पडल्या. मी बाईंकडे बघून मान डोलावली. आता त्यांनी फक्त उठून आपलं बोलायचं होतं.

बाई उठल्या. ध्वनिक्षेपकापाशी गेल्या, पडद्यावरच्या शेवटच्या त्रिकोणाकडे बराच वेळ बघितलं, आणि तिसऱ्या रांगेतल्या त्या पोहेवाल्या अंधेरीच्या बाईंकडे बोट केलं. "काय म्हणाली ही?"

त्या हसल्या. छान बोलली, म्हणाल्या. बाईंनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. कुणाला सांगता येईना. निवडणूक अधिकारी म्हणून बसलेले निवृत्त गृहस्थ घड्याळ दाखवत म्हणाले, बाई, तुम्ही आपले मुद्दे मांडा, वेळ चालू आहे.

"वेळ माझा आहे ना? मग राहू द्या."

मी जागेवरून हातवारे करत होतो. बाईंनी बघितलं आणि दुर्लक्ष केलं. त्यांनी त्या मुलीला पुन्हा वर बोलावलं, पडदा बंद करायला लावला, आणि म्हणाल्या, "हे बाजूला ठेव. तुला काय हवंय, ते मला सांग. मी तुझी मावशी आहे, चौथी शिकलेय. सांग."

मुलगी आधी अडखळली. पण तिला आपली जुनी वाक्यं आठवली. एकेक सांगू लागली. बाई प्रत्येक वाक्य घेऊन सभागृहाकडे वळायच्या. "ऐकलंत? ही म्हणते, वस्तीत गेल्यावर लघवीला जायची सोय हवी. आपण लोकांना सांगत फिरतो, भरपूर पाणी प्या. आणि आपण स्वतः सकाळपासून थेंब पीत नाही, जायचं कुठे म्हणून. हो की नाही गं?" बायकांच्या बाजूला एकदम हशा आणि गलका. मग ओळखपत्र. मग विमा. आणि मग भांडणं लागली. कायम नोकरीतल्यांनी कंत्राटवाल्यांसाठी का भांडायचं, असं एक जण उठून म्हणाला. चार जण त्याच्यावर तुटून पडले. बाई मधोमध उभ्या राहून एकेकाकडे बोट करत होत्या, आता तू बोल, आता तू. मी त्यांना इतकं आनंदात फार कमी वेळा पाहिलंय.

घंटा झाली. बाई भानावर आल्या. हजेरीचा एक शब्दही निघाला नव्हता. "अरे, माझं राहिलंच की," म्हणाल्या, आणि येऊन माझ्या शेजारी बसल्या.

बाई पडल्या.

जेवणाच्या रांगेत एकेक सभासद माझ्यापाशी येऊन सांगत होते. अंधेरीच्या त्या बाई म्हणाल्या, आम्ही ठरवून आलो होतो हो बाईंना मत द्यायचं, पण बाईंनीच उभं राहून एवढं पटवलं म्हटल्यावर तिलाच द्यायचं ना? दुसऱ्यानं सांगितलं, बाईंनी माघार घेतली ती किती मोठ्या मनानं घेतली. निवडणूक अधिकाऱ्यांनासुद्धा वाटत होतं की बाईंनी पाठिंबाच जाहीर केला. अर्ध्या सभागृहानं बाईंचा शब्द मानून बाईंच्या विरुद्ध मत टाकलं होतं.

हे मी लगेच बाईंना सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं, की पुढचा प्रश्न येणार होता, या हुशार मुलीनं असलं भयंकर भाषण केलंच कसं? मी जिलेबी वाढून घेतली आणि गप्प राहिलो.

परत जाताना रिक्षात बाई बाहेर बघत होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, मी काही बोलले नाही हे खरं, पण इतकी वर्षं लोक मला ओळखतात रे. बोलायची गरज पडू नये असं वाटलं होतं. "ठीक आहे. त्यांना मी नको होते." मग रिक्षावाल्याला त्याच्या खोकल्याबद्दल विचारायला लागल्या. त्याला दोन आठवडे झाले होते. उद्याच दवाखान्यात जायचं, हे त्यानं दोनदा म्हणून दाखवलं तेव्हाच आम्हाला उतरता आलं.

त्यानंतर त्या संघटनेच्या कुठल्या कार्यक्रमाला आल्या नाहीत. निवृत्तीच्या निरोपाला मी गावी होतो, म्हणजे मुद्दाम गेलो होतो. ती मुलगी अध्यक्ष म्हणून चांगली निघाली. तिनं सगळ्यांना नवी ओळखपत्रं मिळवून दिली, माझ्याही गळ्यात आता एक आहे. दर वेळी दारावर ते दाखवताना मला तो लाल बाण दिसतो.

यंदा निवडणूक पुन्हा आली आणि लोक मला उभं राहा म्हणू लागले. लोकांचा आग्रह, खरोखरचा. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा हे सगळं बोललो. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग?

आधी अध्यक्षांकडे गेलो, कारण ते त्यातल्या त्यात सोपं वाटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. आधी हसली, मग हसायची थांबली. "सर, मी माझी ती साधी वाक्यं पाठ केली होती. तुमच्या त्रिकोणांसाठी ती विसरायला मला आठवडा लागला होता." मग तिनं विचारलं, "बाईंना सांगितलंत?"

"नाही."

"मग इथे काय करताय?"

बोरीवलीला पोचलो तेव्हा बाई घावणे करत होत्या. आतल्या खोलीत कबड्डी चालू होती. बाईंनी इतक्या दिवसांनी आलास वगैरे काही म्हटलं नाही, ताट पुढे केलं. मी पहिला घास घ्यायच्या आत म्हणालो, "बाई, ते त्रिकोण माझे होते."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग उलथनं हातात तसंच राहिलं. "तो लाल बाण पण?"

"तो पण."

"मेल्या, फार अवघड होता तो. माझी दोन मिनिटं त्याच्याकडे बघण्यात गेली." चेहऱ्यावरून हे कुठलं ‘मेल्या’ ते कळेना. "का केलंस?"

"तुम्ही निवडून यावं म्हणून. आणि मला सचिव व्हायचं होतं."

बाई ओट्याला टेकून हसायलाच लागल्या. "सचिव? तुला कोण करणार होतं? मी तुला सभेची टिपणंसुद्धा लिहू दिली नसती."

हे मला नवीन होतं. सहन केलं. मग उरलेलं सांगितलं, जेवणाच्या रांगेतलं. अंधेरीच्या बाई काय म्हणाल्या, माघार म्हणणारा कोण होता, निवडणूक अधिकारी काय समजले. बाईंनी गॅस बंद केला. स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि एकेकाचं नाव घेऊन पुन्हा विचारलं, तो काय म्हणाला, ती काय म्हणाली. मी सांगत गेलो.

"म्हणजे मी सांगितलं म्हणून तिला दिलं त्यांनी?"

"हो. तुमचाच शब्द मानला सगळ्यांनी."

"आणि मी इतकी वर्षं धरून बसले, की त्यांना मी नको."

"माझं चुकलं बाई."

"तुझं चुकलंच." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, नाक पुसलं. "ते त्रिकोण एक वेळ जाऊ दे. पण हे त्याच दिवशी सांगायचं होतंस."

बाई उठल्या. आतल्या खोलीच्या दारात जाऊन त्यांनी यजमानांना टीव्ही बंद करायला लावला. ऐन रंगात आलेली कबड्डी सोडून ते रिमोट हातात घेऊन बाहेर आले आणि काय झालं म्हणून आमच्याकडे बघत राहिले. त्यांना उत्तर द्यायला बाईंना वेळ नव्हता. त्यांनी घाटकोपरच्या बहिणीला फोन लावला होता.

"अगो, ऐक. ती निवडणूक आठवते ना, मी पडले ती? हा आलाय, तो सगळं सांगतोय. हो, तोच, माझा प्रचारप्रमुख. नालायक आहे. समोर बसून घावणे खातोय. ते सोड गं, तू आधी ऐक. अख्ख्या हॉलनं माझं ऐकलं होतं."